पोटातल्या गोळ्यास

पोटातल्या गोळ्यास,

स. न. वि. वि.

मायना लिहिला आणि पेन अडलं. 'सप्रेम नमस्कार' तुला कशापायी? गेलं दीड वर्ष तू माझ्या लेकीच्या पोटात घरजावयासारखा मुक्काम ठोकून आहेस. तुझ्या वेळा आम्ही सांभाळतो, तुझी मर्जी बघून बेत आखतो, तुला चालणार नाही असं काही घरात ठरवत नाही. तरीही मायना खोडत नाही. तुझ्यावर ओरडून झालं, तुला हाकलून झालं, 'तू मुळात नाहीसच' असं ठणकावूनही झालं. कशाचाच उपयोग झाला नाही. आता जरा रीतीने बोलू.

पत्राची कल्पना माझी नाही. लेक ज्या समुपदेशक बाईंकडे जाते, त्यांनी पहिल्या भेटीत तिला विचारलं, "पोटात जे येतं ना, त्याचं नाव काय ठेवू या?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "गोळोबा." अडचणीला नाव देऊन तिला माणसापासून वेगळं उभं करायची ही रीत ऑस्ट्रेलियातल्या मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधल्या डेव्हिड एप्स्टन या दोघांनी रुळवली. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात पत्रलेखनालाही मोठी जागा आहे. तोवर आम्ही घरात म्हणायचो, 'ही फार भित्री आहे.' त्या दिवसापासून म्हणू लागलो, 'गोळोबा आलाय.' भित्री मुलगी सुधारायची तर तिलाच तासावं लागतं. आलेल्या पाहुण्याचं काय करायचं, ते मात्र घरातले सगळे मिळून ठरवू शकतात, तीसुद्धा.

तुला मोठी नावं पुष्कळ आहेत. डॉक्टर 'अँक्झायटी' म्हणतात, वर्तमानपत्रं 'चिंताविकार' छापतात. पण चिंता हा मोठ्यांचा शब्द. ती कर्जाची असते, मुलीच्या लग्नाची असते, पावसाची असते. आठ वर्षांचं मूल कधी 'मला चिंता वाटते' म्हणत नाही. ते म्हणतं, "कसंतरी होतंय." आणि हात पोटावर ठेवतं.

तुझी माझी ओळख तिसरीच्या जूनमधली. शाळा उघडली, तुकड्या बदलल्या, लेकीची जिवाभावाची मैत्रीण 'ब' तुकडीत गेली. दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसहाला लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी. "बाबा, पोट दुखतंय." चेहरा पांढरा, हात गार. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, गोळ्यावर गोळ्या झाल्या. रिपोर्ट सगळे स्वच्छ. "काही झालेलं नाहीये हिला, नाटकं आहेत. शाळेत पाठवा," असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. लेक टेबलाच्या पलीकडे बसून ऐकत होती. दुखत तर होतं, आणि एक शिकलेला माणूस सांगत होता की दुखत नाही. आता तिच्यापुढे दोन गोष्टी झाल्या: एक पोट, आणि दुसरी, आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तू नाटक नाहीस, हे सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत झालेलं आहे. क्ष-किरणांचा शोध नुकता लागला होता, तेव्हा हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खायला घालून त्यांच्या पोटाची हालचाल पडद्यावर बघत असे. त्याच्या लक्षात आलं, मांजर बिथरलं की जठराच्या लाटा थांबतात. शांत झालं की पुन्हा सुरू होतात. पुढे १९१५ साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. संकट दिसलं की शरीर लढायला नाहीतर पळायला सज्ज होतं, हे त्याचं म्हणणं आज शाळेच्या पुस्तकात असतं. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, रक्त पचनाकडून स्नायूंकडे वळतं, कातडी गार पडते, लाळ आटते. वाघ समोर असताना वरणभात पचवत बसण्यात अर्थ नसतो.

आणि गंमत अशी, की आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. हातपाय गार पडणं, तोंडचं पाणी पळणं, छातीत धडधडणं, घशाला कोरड पडणं, पोटात गोळा येणं. कॅननच्या पुस्तकातली अर्धी अनुक्रमणिका आपल्या आज्या बोलताबोलता सांगून गेल्या. तू खरा आहेस. फक्त तुझा वाघ खरा नसतो. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, तो वाघ आणि नवी तुकडी यांत फरक करत नाही. आधी घंटा वाजवतो, चौकशी नंतर. जंगलात ही सवय कामाची होती, म्हणून तर आपण आज आहोत. तेवढ्यापुरता नमस्कार सप्रेमच समज.

आता माझी कबुली. तुला आम्ही पोसलं.

पहिला महिना सोपा होता. पोट दुखलं की शाळा बुडायची. साडेनऊच्या सुमारास तू गायब व्हायचास, लेक पोहे खायची, चित्रं काढायची. तिचा जीव भांड्यात पडायचा, माझाही. त्या भांड्यात काय शिजतंय हे मला कळलं नाही. तिच्या मनाने नोंद केली: शाळेत गेले नाही म्हणून वाचले. पुढच्या सोमवारी तू सव्वासहालाच हजर.

मग मी फाटकापाशी उभा राहू लागलो, वर्गाच्या खिडकीतून दिसेन असा. ऑफिसात उशिराचे शेरे पडू लागले. मग मधल्या सुट्टीत तिच्या आईचा फोन. मग लिफ्ट नको, जिना. मग वाढदिवसाला नको, कारण तिथे कुत्रा आहे. मग गॅदरिंगच्या नाचातून नाव काढणं. रात्री झोपताना एकच प्रश्न: "उद्या घ्यायला तूच येशील ना?" एका रात्री मी मोजलं, तेवीस वेळा. तेवीस वेळा मी 'हो गं सोन्या' म्हटलं. प्रत्येक 'हो' पाच मिनिटं पुरला. तुला सवय लागली आणि खुराक वाढत गेला.

माझी आई तिच्या परीने झटत होती. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायची, भीमरूपी म्हणायला लावायची. मी चिडायचो. आता वाटतं, त्या सगळ्यात तिचा हात नातीच्या पाठीवर असायचा, आवाज संथ असायचा, आणि 'तुला काही झालेलं नाही' असं ती एकदाही म्हणाली नाही. दृष्ट निघाली की नाही ते देव जाणे. पण घरात लेकीच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस तीच.

एक सोमवार असाही आला, की माझा तोल गेला. "बास झाले लाड," म्हणत मी लेकीला उचललं आणि रिक्षात कोंबलं. वळणापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. शाळेपाशी पोचेपर्यंत तिला उलटी झाली. रिक्षावाल्या काकांनी तिला तोंड धुवायला पाणी दिलं, आणि परत येऊन माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला आमची विहीर आठवली.

वाईच्या बाजूला आमचं गाव. मळ्यात पायऱ्यांची विहीर, उन्हाळ्यात पोरांची जत्रा. मी सात वर्षांचा असताना एका काकांनी 'असंच शिकतात' म्हणत मला काठावरून पाण्यात फेकलं. मी दोनदा खाली गेलो, तिसऱ्यांदा कुणीतरी केसाला धरून ओढलं. काठावर सगळे हसत होते. आज मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, मला पोहता येत नाही, आणि हॉटेलातल्या छातीभर पाण्याच्या तलावाकडे पाहूनही तू माझ्या पोटात येतोस. आपली ओळख जुनीच आहे.

माझा चुलतभाऊ त्याच विहिरीत शिकला, आजोबांकडून. आजोबांनी त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधला. पहिले दोन दिवस फक्त पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे. मग गुडघाभर, मग कमरेइतकं. मग भोपळ्यासकट दोन हात मारून परत पायरीवर. मग भोपळ्याऐवजी रॉकेलचा रिकामा डबा. मग आजोबांचा हात पोटाखाली. मग हात नुसता जवळ. मे संपायच्या आत तो पठ्ठ्या वरच्या काठावरून मुटका मारत होता. आजोबा चौथी शिकलेले. त्यांनी मानसशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

पुस्तकात तेच आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी पीटर नावाच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर दोन वर्षं दहा महिन्यांचा, सशाला घाबरायचा. सशाला काय, कापसाला आणि पिसालाही. बाईंनी त्याला समजावलं नाही, दटावलं नाही. पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. बारा फुटांवर चाललं, मग चार फुटांवर, मग शेजारी, मग पिंजऱ्याबाहेर. न घाबरणारी दुसरी मुलंही आसपास असायची. मध्येच पीटरला तापाच्या आजाराने दोन महिने दवाखान्यात राहावं लागलं, वाटेत एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि केलेली सगळी कमाई बुडाली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी त्याला आवडीचं खायला देत. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. जगभर मुलांच्या धास्तीवर जे उपचार आज चालतात, त्यांचं मूळ या हकिगतीत आहे: भीतीपासून पळवून न्यायचं नाही, भीतीत ढकलायचं नाही. पायरी-पायरीने, सोबतीने उतरायचं.

आमच्या समुपदेशक बाईंना मी विहिरीचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पायऱ्या करू या. पण त्याआधी, विहिरीत साप नाही ना, ते बघितलंत का?"

हा प्रश्न मला दीड वर्षात सगळ्यात मोलाचा वाटला. मूल घाबरतं म्हणजे दर वेळी त्याच्या मेंदूतली घंटाच चुकते असं नाही. वर्गात कुणी मारत असेल, कुणी नको तिथे हात लावत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, अक्षरं नाचत असतील, तर मुलाला 'धीट हो' म्हणणं हा अन्याय आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केले आहेत. कायदा आहे म्हणून साप विहिरीतून निघून जातात असं नाही. ते कुणीतरी बघावं लागतं.

आम्ही बघितलं. हळूहळू, चित्रं काढताकाढता, एक गोष्ट बाहेर आली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती. एकदा आत असताना कुणीतरी दार उघडलं आणि मुली हसल्या. पूर्वी मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची. ती 'ब' तुकडीत गेली. मग लेकीने शाळेत पाणी पिणंच सोडलं. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत घोटभरही नाही. सोनोग्राफीत हे दिसलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं, कारण आम्ही 'शाळेत कुणी मारतं का?' विचारत होतो आणि ती खरं तेच सांगत होती, 'नाही.'

मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या आठवड्यात सुतार आला, कडी बसली. लेकीने घरी येऊन पाण्याची रिकामी बाटली दाखवली. गोळोबा, त्या दिवशी तू अर्धा झालास. उरलेला अर्धा मात्र तुझाच होता, आणि त्यासाठी पायऱ्या लागल्या.

चौथीच्या जूनमध्ये आम्ही तिघांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर विहीर काढली. लेकीनेच काढली. पायऱ्या दहा, सगळ्यात वर 'बाबा वर्गाच्या खिडकीत' आणि तळाशी पाण्यात 'एकटी रिक्षाने'. मधल्या पायऱ्या तिने ठरवल्या: बाबा फाटकात, बाबा पिंपळापाशी, बाबा झेरॉक्सच्या दुकानापर्यंत, आईचा फोन एक दिवसाआड, फोन फक्त शुक्रवारी. नियम दोन. एका पायरीवर पोट निवांत होईपर्यंत थांबायचं, आणि तू आलास म्हणून वर चढायचं नाही. पाय पाण्यात ठेवून बसायचं. तू येतोस, वाढतोस, आणि आपण हललो नाही तर तुझा तूच ओसरतोस, हे तिला स्वतःच्या पोटाने कळायला हवं होतं. मी सांगून उपयोग नव्हता. मी घरी ठेवून घेत होतो तेव्हा तू तिच्या पळण्यामुळे जात होतास. ती थांबून राहिली तेव्हा आपलाआपण गेलास. तिच्यासाठी हा शोध होता. तिसऱ्या पायरीवर, पिंपळाच्या आठवड्यात, ती मला म्हणाली, "बाबा, गोळोबा प्रार्थनेपर्यंतच टिकतो."

श्वासाचाही एक धडा होता. बशीतला गरम चहा कसा फुंकतो, तसा लांब फुंकर मारत श्वास सोडायचा. नाकाने घेताना घाई नाही, सोडताना तर नाहीच. त्याने तू जात नाहीस, पण पायरीवर बसून राहायला बळ मिळतं. आणि एक 'काळजीची वेळ': रोज दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटं. दिवसभरात मनात आलेलं सगळं तेव्हा बोलायचं. दुपारी काळजी आली तर तिला सांगायचं, संध्याकाळी ये. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पुरायची नाहीत. आता बहुतेक वेळा पाच मिनिटांनंतर आम्ही पत्ते खेळतो.

पण खरी शाळा माझी झाली. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी एक प्रयोग केला. सात ते चौदा वर्षांची, तुझ्याने गांजलेली १२४ मुलं. निम्म्या मुलांवर नेहमीचे बोलण्याचे उपचार केले. उरलेल्या निम्म्यांना उपचारकांनी बोलावलंच नाही. फक्त त्यांच्या आईवडिलांना बारा आठवडे शिकवलं. मुलाच्या भीतीपायी तुम्ही ज्या सवलती देता, त्या प्रेमाने आणि सांगून-सवरून कशा कमी करायच्या, एवढंच. दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारली. हे वाचलं तेव्हा आधी लाज वाटली, मग हायसं वाटलं. मुलाचं मन माझ्या हातात नाही. माझं तेवीस वेळा 'हो' म्हणणं मात्र माझ्या हातात आहे.

माझी दोन वाक्यं होती. एक, 'काही होत नाही गं.' दुसरं, 'बरं, नको जाऊस.' पहिल्याने तिला वाटायचं, बाबाला कळत नाही. दुसऱ्याने वाटायचं, बाबालाही वाटतं की मला जमणार नाही. त्या जागी नवं वाक्य आलं: "तुला भीती वाटतेय ते मला दिसतंय, आणि ही पायरी तुला जमेल हेही मला माहीत आहे." वाक्य साधं आहे. पण सकाळी सहा पन्नासला, लेकीच्या डोळ्यांत पाणी असताना, आवाज न चढवता आणि न विरघळता ते म्हणून बघा. 'उद्या तूच येशील ना?' याला एकदाच उत्तर. दुसऱ्यांदा विचारलं तर, "मी सांगितलंय, तुला आठवतंय." पहिल्या चार रात्री ती रडली. मी बाहेर येऊन ओट्यापाशी उभा राहिलो आणि फुंकर मारायचा श्वास मलाच घ्यावा लागला. पाचव्या रात्री तिने एकदाच विचारलं आणि कुशीवर वळली.

इथे तुझ्या मोठ्या भावंडांबद्दलही बोलतो. काही घरांत तू पायऱ्यांना दाद देत नाहीस. मूल महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाही, जेवत नाही, झोपत नाही, जगणं नको म्हणतं. तिथे आजोबांचा भोपळा पुरत नाही, डॉक्टर लागतात. २००८ साली अमेरिकेत सात ते सतरा वयाच्या ४८८ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी सुमारे ६० टक्के मुलं चांगली सुधारली, नुसत्या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, आणि औषध म्हणून दिलेल्या पोकळ गोळीने २४ टक्के. म्हणजे तू बरा होणारा आहेस. 'मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर लोक काय म्हणतील' या प्रश्नाने जितकी मुलं घरात बसून आहेत, तितकी तुझ्यामुळेही नसतील. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात चार. आपल्या बहुतेक शाळांत त्या चौघांसाठी समुपदेशकाची खोली नाही, आणि असलीच तर तिथे खेळाचं सामान ठेवलेलं असतं. निदान एक फोन आहे: केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर फ्रीजवर दूधवाल्याच्या नंबराशेजारी लावून ठेवावा असा आहे.

शेवटचं, माझ्याबद्दल. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण मी लेकीला ऐकवायचो. मग एके दिवशी वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला निरोप आला, 'उद्याच्या टेस्टला कोणाचं किती झालं?' आणि तू माझ्या पोटात टुणकन आलास. चौथीची चाचणी. मी दिवा लावून तिची वही शोधली. लेक जागी होती, अंधारातून बघत होती. तिला तू कुठून मिळालास, हे त्या रात्री कळलं. काही तिच्या रक्तातून आलं असेल, काही तिने माझ्या चेहऱ्यावर वाचलं असेल. मुलाच्या पोटातला गोळा उतरवायचा तर आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघावं लागतं. ग्रुप मी बंद आवाजावर टाकलाय. विहिरीचं अजून जमलेलं नाही, पण या उन्हाळ्यात गावी जाऊन पहिल्या पायरीवर बसायचं लेकीला कबूल केलंय. ती म्हणाली, भोपळा मी आणते.

तू गेलास असं मी लिहिणार नाही, कारण गेलेला नाहीस. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू असा काही परतलास, की आम्ही सातव्या पायरीवरून थेट पहिलीवर आलो. मला रडू आलं. समुपदेशक बाईंनी पीटरच्या अंगावर आलेल्या कुत्र्याची आठवण करून दिली. पुन्हा उतरलो, या वेळी दहा दिवसांत सातवी. गेल्या पंधरवड्यात गॅदरिंग झालं. लेक कोळीनृत्यात मागच्या रांगेत डावीकडून दुसरी होती. तू तिच्यासोबत स्टेजवर आला होतास, मी पाहिलं. गाणं सुरू झालं तेव्हा तिचा उजवा हात पोटावर होता, आणि डावा हात मात्र बरोबर ठेक्यात वल्हं मारत होता. दुसऱ्या कडव्यापासून दोन्ही हात वल्ह्यावर आले.

तर गोळोबा, विनंती एवढीच. खरा वाघ आला तर जरूर घंटा वाजव; रस्ता ओलांडताना, अनोळखी माणसाने गाडीत बोलावलं तर, तुझी गरज आहे. एरवी ये, बस, प्रार्थनेपर्यंत थांब. पाट मात्र आता मांडला जाणार नाही.

कळावे. लोभ कमी करावा, ही विनंती.

तुझा जुना यजमान,
एक बाबा

ता. क. : उद्या सोमवार. डब्यात भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या, पाण्याची बाटली भरलेली. रिक्षा सहा पंचावन्नला येते. काका कुणासाठी थांबत नाहीत.